एक्केचाळिसावं पान

मामा, काल नांदेडहून एक प्राध्यापक घरी आले होते आणि त्यांनी आपल्या दोघांची चोरी पकडली. अर्धी तुमची, अर्धी माझी. माणूस तरुण आहे, बोलायला गोड आहे, चहात साखर नको म्हणतो आणि बिस्किटं मात्र पुडा संपेपर्यंत खातो. गावोगावच्या हस्तलिखित पोथ्यांचे फोटो काढायचे आणि त्या छापून काढायच्या, असं काम त्यांनी हाती घेतलं आहे. आपली पोथी माझ्याकडे असते हे गावात सगळ्यांना ठाऊक, म्हणून देवळातल्या मंडळींनी त्यांना लातूरचा पत्ता दिला. त्यांनी हात धुतले, कोरडे केले, बासन सोडलं, एकेक पान मोजलं, ओव्यांचे आकडे तपासले. मग एक पान खिडकीच्या उजेडात धरलं, दुसरं धरलं, आणि म्हणाले, "आजी, पोथी अपुरी आहे. चाळीसनंतरचं एक पान नाही. आणि ते नाही हे कुणाला कळू नये म्हणून पुढच्या सगळ्या पानांवर पट्ट्या चिकटवून आकडे बदललेत. कुणी केलं असेल हे?" मी म्हटलं, "अजून एक बिस्कीट घ्या."

सोमवारी ते परत येणार आहेत. तोवर घरात शोधून ठेवा म्हणालेत. शोधायचं काय, पान माझ्या ट्रंकेत आहे, लग्नातल्या शालूच्या घडीत, चाळीस वर्षांपासून. पण ते द्यायचं की नाही हे मला ठरवता येईना आणि विचारायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, ही एक अडचण आहे. खरं सांगायचं तर तुम्ही होतात तेव्हाही अडचण काही कमी नव्हती. एका घरात तेरा वर्षं राहून मी तुमच्याशी समोरासमोर दहा-बारा वाक्यं बोलले असेन. सासरे दिसले की सुनेनं पदर कपाळावर ओढून बाजूला व्हायचं, ही आपल्याकडची रीत. तुम्ही माझ्याशी बोलायचात ते आत्याबाईंमार्फत, म्हणजे सासूबाईंमार्फत, आणि त्या शेतात असल्या तर म्हशीमार्फत. "आज च्या मिळंल का न्हाई, कुणास ठाव," असं तुम्ही ओट्यावरून म्हशीला विचारायचात आणि मी कप आणून उंबऱ्यावर ठेवायची. म्हशीनं कधी उत्तर दिलं नाही, पण तुमचा चहाही कधी चुकला नाही.

मी कशी होते ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण आता माझा मलाच विश्वास बसत नाही. आमचं मुदखेडचं घर रेल्वेच्या रुळाला लागून. गाडी धडधडत गेली तरी आमच्यात कुणी बोलणं थांबवायचं नाही, आवाज वाढवायचा. तसाच मोठा आवाज घेऊन मी चाकूरकडच्या तुमच्या गावात सून म्हणून आले आणि पहिल्याच दिवशी कळलं की इथं तो वापरायचा नाही. बारावीला मी शाळेत पहिली आले होते. नांदेडला शिक्षिकेचा कोर्स करायचा म्हणून फॉर्म भरून तयार ठेवला होता. तेवढ्यात तुमचं स्थळ आलं, शेती चांगली, माणसं चांगली, मुलगा शांत. सगळं चांगलंच होतं, तक्रार कुणाविरुद्ध करणार? मग मी भांड्यांवर काढायची. पातेलं चुलीवर ठेवायचं नाही, आपटायचं. ताटल्या रचायच्या नाहीत, फेकायच्या. रोज पहाटे आपल्या घरात जो कल्लोळ व्हायचा त्यानं शेजारची कोंबडी उठायची, असं हे मला पुढं कितीतरी वर्षं चिडवत राहिले. हे म्हणजे तुमचे चिरंजीव. त्यांचं नाव मी अजूनही घेत नाही, तेवढी रीत पाळते.

आणि तुम्ही होतात गावचे पोथी सांगणारे. श्रावणात गुरं घरी आली, धारा झाल्या की मारुतीच्या देवळापुढं घोंगड्या अंथरायच्या. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचणारा बदलायचा, सांगणारे तुम्हीच. तुम्हाला लिहिता-वाचता जेमतेम यायचं, पण अख्खी पोथी पाठ होती. तुमचं सांगणं मात्र इतर गावांतल्या सांगणाऱ्यांसारखं नव्हतं. पोथीतलं काहीच बाहेर घडत नाही, हा तुमचा एकच नेम. नगर म्हणजे देह. नगराचा राजा म्हणजे आपला जीव. नगराला वळसा घालणारी नदी म्हणजे श्वास, ती बाहेर जाते आणि वळून परत येते. रुसून डोंगरावर जाऊन बसलेली राणी म्हणजे शांती. आणि वेशीवर येऊन रोज आरडाओरडा करणारा राक्षस कोण, हे ज्यानं त्यानं आपलं ओळखायचं. एकदा मागून कुणीतरी विचारलं, "मंग राजाचे हजार घोडे पन आतच हायेत का?" तुम्ही म्हणालात, "आतच हायेत की. लई लाथा मारतेत, कळत न्हाई का?" मी बायकांच्या घोळक्यात पदरामागं हसले होते. सासरी आल्यावर पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

माझ्या दुसऱ्या श्रावणाच्या तोंडावर तुमच्या जुन्या वाचणाऱ्या काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गावात वाचता येणारे चार बाप्ये होते, पण ती जुनी लिखावट, शब्द सगळे एकमेकांना चिकटलेले, कुणाला धड वाचता येईना. एक दिवस तुम्ही जेवताना आत्याबाईंना म्हणालात, "मुदखेडची मास्तरीन हाय की घरात. इचारा तिला, वाचंल का." मास्तरीण हा शब्द तुम्ही सहज टाकलात की मुद्दाम, मला आजवर कळलेलं नाही. मी भाकरी थापत होते. हात थांबला, तव्यावरची भाकरी करपली आणि त्या दिवशी मला कुणी काही बोललं नाही. गावात कुरकुर झाली, सुनेनं चारचौघांत बसून वाचायचं म्हणजे काय. तुम्ही एवढंच म्हणालात, "पोथीला वाचनारा लागतो. बाप्याच पायजे असं पोथीत लिवलेलं न्हाई, म्या पाठ केलीया."

मग मी रोज दुपारी आपल्या माळवदावरच्या, मातीच्या गच्चीवरच्या खोलीत बसून संध्याकाळची पानं सोडवून ठेवायला लागले. संध्याकाळी पदर कपाळापर्यंत ओढून, तुमच्याकडं अर्धी पाठ करून, वाचायचं. मी ओवी म्हणायची आणि माझ्या पाठीमागून तुमचा आवाज यायचा. तोंडाकडं न बघता माणसाशी इतकं बोलता येतं हे मला तिथं कळलं. नदीचा अध्याय होता त्या दिवशीचं सांगते. मी वाचत होते, नदी नगरातून बाहेर पडते, डोंगराला जाऊन टेकते, परत येते. वाचता वाचता माझा श्वास त्या ओळींच्या चालीनं चालायला लागला आणि मधेच केव्हातरी वाचणारी नाहीशी झाली. आवाज येत होता, तो माझाच होता, पण मला तो कष्टानं काढावा लागत नव्हता. फॉर्म नव्हता, मुदखेड नव्हतं, चूल नव्हती, कुणावरही राग नव्हता. किती वेळ ते सांगता येत नाही, दोन-चार ओव्या असतील. तुम्ही अर्थ सांगायला लगेच सुरुवात केली नाहीत. एवढंच म्हणालात, "आज अर्थ सांगायचा न्हाई. वाचला गेला." मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी पातेली हलक्या हातानं ठेवली. दोन दिवस ठेवली.

तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सुरू. का ते आठवत नाही, कारण लागतच नसे. आणि त्याच संध्याकाळी पोथीत राक्षस वेशीवर आला. तुम्ही सांगायला लागलात, "ह्यो राक्षस आवाज कसा करतो? तर भल्या पहाटं चुलीपाशी कुनी भांडी आदळल्यावानी करतो." सगळं देऊळ हसलं. शेजारच्या बायका तर पोट धरून हसल्या, त्यांची कोंबडी उठत होती ना. माझे कान तापले. गावासमोर, माझ्याच तोंडून पोथी वाचून घेऊन, माझीच फजिती. सरळ बोलायची सोय नाही म्हणून माणसानं पोथीतून टाकून बोलावं का? मला वाटलं, हा म्हातारा फार शहाणा समजतो स्वतःला. माफ करा, पण असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पानं सोडवायला बसले. चाळिसाव्या पानाच्या शेवटी राजा तलवार उपसून राक्षसासमोर उभा आहे. एक्केचाळिसाव्या पानावर तो राक्षसाचं डोकं उडवतो आणि ते वेशीला टांगायला निघतो. बेचाळिसाव्यावर राणी परत आलेली आहे, नगरात दिवे लागले आहेत, पंगत बसली आहे. मी मधलं पान उचललं आणि ट्रंकेत घातलं. पोथी सुट्या पानांची, एक पान काढलं तर मागं खूण उरत नाही. तलवार उपसली आणि पंगत बसली, आता सांगा म्हणावं अर्थ. भर गावात अडखळू दे एकदा, म्हणजे हसू कसं येतं ते कळेल. तो सबंध दिवस मी फार खुशीत होते आणि भांडी अगदी गुपचूप घासली.

संध्याकाळी मी खणखणीत आवाजात चाळिसावं पान संपवलं आणि तसंच पुढं वाचत गेले. राजानं तलवार उगारली, नगरात दिवे लागले, पानं मांडली, वाढपी आले. थांबले. पाठीमागून आवाज येईना. बायकांची चुळबुळ सुरू झाली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मालक, हितं तर दरसाल राक्षस मरतो की." आता तुम्ही म्हणणार, सूनबाई, पान चुकलं. माझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला भीती वाटली. आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "दरसाल मरतो, अन् दरसाल पुन्ना वेशीवर येतो. मंग मेला कसा?" तुम्ही पुढं बोलायला लागलात, घाई नाही, जणू हेच सांगायचं ठरलं होतं. "राजानं तलवार उगारली अन् नीट बगितलं. बगितलं तर तोंड वळखीचं. आपल्याच घरचं लेकरू हाय. भुकेलं हाय. समद्यांना ताट वाढलं, ह्याला कुनी इचारलंच न्हाई, मनून वेशीवर उभं राहून बोंबलतंय. राजानं तलवार खाली ठिवली अन् मन्ला, चल, जेवाय चल. मनून बगा, तलवारीनंतर थेट पंगतच हाय पोथीत. मधी दुसरं कायच न्हाई." मग म्हणालात, "आता तेला काय वाढायचं, ते ज्यानं त्यानं आपलं बगावं. भूक कशाची हाय ते आधी इचारावं."

मी पोथी बासनात बांधली, पण गाठ काही केल्या बसेना. घरी आल्यावर तुम्ही ओट्यावर बसलात आणि आत्याबाईंना म्हणालात, "ह्या घरात कुनी भुकेलं हाय का, बगा जरा." आत्याबाई भोळ्या. त्या खरंच स्वयंपाकघरात आल्या, दुरडी उघडून भाकऱ्या किती उरल्यात ते बघितलं आणि मला म्हणाल्या, "काय गं, जेवलीस का न्हाई?" आणि मी चुलीपुढं बसून मोठ्यानं रडले, मुदखेडच्या आवाजात, मधून गाडी जात असावी तशी. "मला शिकायचं होतं," म्हटलं. आत्याबाई घाबरल्या. बाहेर तुम्ही नक्की ऐकलंत, कारण सगळ्या गल्लीनं ऐकलं. तुम्ही म्हशीला म्हणालात, "मास्तरीन व्हायचं ऱ्हायलं व्हय. बगू की मंग."

तो श्रावण तसाच संपला. पान परत ठेवायची माझी हिंमत झाली नाही. दिवाळीनंतर तुम्ही तूर घेऊन उदगीरला गेलात आणि पोथीही बासनासकट सोबत नेलीत. तिकडं तुमच्या ओळखीचे एक चाचा होते, कुराणापासून वह्यांपर्यंत सगळ्यांची बांधणी करणारे. चार दिवसांनी पोथी आली ती नव्या लाल बासनात, वर-खाली शिसवी फळ्या. सोबत पोथी ठेवून वाचायची एक घडीची लाकडी रेहल होती. तुम्ही आत्याबाईंना सांगितलंत, "चाचानं दिलीया. मन्ला, वाचनाऱ्या पोरीची मान दुखत असंल." पुढच्या श्रावणाआधी मी ठरवून ट्रंक उघडली, पान काढलं, माळवदावर गेले, पोथी सोडली. चाळीस सापडलं. त्याच्या पुढं एक्केचाळीस. मी पुन्हा बघितलं. पंगतीच्या पानावर, कडेच्या जीर्ण झालेल्या भागावर, पातळ कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर तुमच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एक्केचाळीस. त्याच्या पुढं बेचाळीस, त्रेचाळीस, असं शेवटपर्यंत. तुम्हाला तर लिहायचा कंटाळा, सही करताना जीभ बाहेर यायची तुमची. तुम्ही चाचांच्या दुकानात चार दिवस बसून ते सगळे आकडे लिहिले होतेत, कधी कुणी पानं मोजलीच तर वाचणाऱ्या सुनेकडं बोट जाऊ नये म्हणून. माझ्या हातातल्या पानाला आता पोथीत जागाच नव्हती. मी पान कपाळाला लावलं आणि परत ट्रंकेत ठेवलं.

त्याच वर्षी गावात अंगणवाडी आली आणि तिथं बाई पाहिजे म्हटल्यावर तुम्ही सरपंचांच्या ओट्यावर जाऊन बसलात, हो म्हणेपर्यंत उठला नाहीत. तीस वर्षं मी त्या अंगणवाडीत काढली. निम्म्या गावाला मी अक्षरं गिरवायला शिकवली आणि खिचडी वाढली. राग गेला असं मात्र नाही. तो येत राहिला, वेशीवर उभा राहून ओरडत राहिला, आणि मी तुमच्या सांगण्याप्रमाणं आधी विचारायला शिकले, काय रे, भूक कशाची आहे? कधी झोपेची असायची, कधी दोन चांगल्या शब्दांची. बऱ्याचदा नुसतं विचारल्यावरच तो खाली बसायचा. मग मी नदीची ओवी मनात म्हणायची, श्वास बाहेर जायचा, वळून यायचा, आणि राणी येऊन बसायची. ती रोज येते असं म्हणणार नाही. पण तिला आता आपल्या घराचा रस्ता माहीत आहे.

तुम्हाला लातूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा एका दुपारी आपण दोघंच होतो. आत्याबाई खाली, हे औषधं आणायला. म्हैस नव्हतीच. मी पदर ओढला, भिंतीकडं बघत सगळा धीर गोळा केला आणि म्हटलं, "मामा, ते एक पान..." तुम्ही डोळे मिटून पडला होतात. डोळे न उघडता म्हणालात, "कुठलं पान? पोथी पुरी हाय, बाई." तुम्ही थेट माझ्याशी बोललात, बाई म्हणालात. तेवढंच. नंतर तुम्ही मोसंबी मागितलीत आणि ती आंबट निघाली म्हणून तक्रार केलीत.

आता इथं लातूरला तुमच्या नातवाच्या बिल्डिंगमध्ये खाली गाड्या लावतात तिथं सतरंज्या टाकून आम्ही श्रावणात पोथी लावतो. माझी सून वाचते, मी अर्थ सांगते. ती बँकेत जाते, गाडी चालवते, मला नाव घेऊन चिडवते, तिला म्हशीची गरज पडत नाही. तुमचाच अर्थ मी सांगते, राक्षसाला जेवायला बोलावते. एकीनं मागं विचारलं, वेशीवरचा म्हणजे आमचा वॉचमन का? मी म्हटलं, जवळपास तसंच, त्यालाही चहा विचारत जा. आणि काल त्या प्राध्यापकांनी पोथी अपुरी आहे म्हटल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. पान दिलं तर ते छापलं जाणार, आणि त्यात राजा राक्षसाचं डोकं उडवणार. गाव म्हणणार, मालकांनी वर्षानुवर्षं खोटा अर्थ सांगितला. त्याचंही मला काही नाही. मला धास्ती वेगळीच आहे. मी ज्याच्यावर आयुष्यभर टेकून बसले, ती शांती एका सुनेच्या खोडीवर आणि एका सासऱ्याच्या पांघरुणावर उभी आहे का? खरी पोथी वेगळीच असेल तर मला भेटलं ते काय होतं?

म्हणून आज सकाळी, सून कामावर गेल्यावर, मी रेहल मांडली आणि ते पान चाळीस वर्षांत पहिल्यांदा नीट वाचलं. एकोणिसाव्या वर्षी मी फक्त उडालेलं डोकं वाचलं होतं. पान उलटून बघितलंच नव्हतं, हे आज कळलं. मागच्या बाजूला, अगदी खाली, राजा डोकं टांगायला वेशीवर येतो तर राक्षसाचं पोट खपाटीला गेलेलं दिसतं. राजा तिथंच खाली बसतो. पंगतीतलं पहिलं ताट वेशीवर नेऊन ठेवा, आणि दरसाल ठेवत जा, असं सांगतो. श्रावण संपताना आपल्या गावात वेशीवर झाकलेलं ताट ठेवतात ते मी इतकी वर्षं स्वतःच्या हातानं वाढलं, पण कुणासाठी हे कधी विचारलं नाही. तुम्हाला तर पान पाठ होतं. तुम्ही त्या दिवशी मनानं काही रचलं नव्हतंत. मी लपवलं त्यातलंच सांगितलंत, फक्त मरायच्या आधी जेवायला वाढलंत. मी रेहलीसमोर बसून एकटीच हसले, आणि मग थोडी रडलेसुद्धा, पण हलक्या आवाजात.

तेव्हा सोमवारी पान देणार आहे. कुणी काढलं हे विचारलं तर सांगणार, मी. आकडे कुणी बदलले हे विचारलं तर सांगणार, माझ्या सासऱ्यांनी, माझ्यासाठी. हे सांगताना मला लाज वाटणार नाही, उलट मान जरा ताठच होईल. पोथीत आता दोन एक्केचाळीस होतील, त्याचं काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं, शिकलेले आहेत. ट्रंकेतली शालूची घडी मात्र रिकामी बरी दिसत नाही. हे पत्र तिथं ठेवते. तुमच्यापर्यंत जायला याला दुसरी वाट नाही, आणि तसंही आपलं बोलणं कधी सरळ पोचवायची सवय नव्हती.

एक सांगायचं राहिलं. काल प्राध्यापक गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि मोठं पातेलं ओट्यावर असं आदळलं की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. साठीला आले, मामा, तीस वर्षं दुसऱ्यांची लेकरं शांत केली, आणि अजून हे आहेच. सून खोलीतून आली. मला वाटलं, हसणार किंवा चिडणार. तिनं गॅस बारीक केला, पातेलं सरळ केलं आणि विचारलं, "आई, जेवलात का?"

नव्हते जेवले.